वारंवार होणारा यीस्टचा संसर्ग : दर वेळी एकच गोळी का पुरत नाही

योनीमार्गात यीस्टचा, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीचा, संसर्ग एखाद्या वेळी होणं वेगळं आणि तो दर दोन-तीन महिन्यांनी परत येणं वेगळं. खाज तीच, आग तीच, गुठळ्या-गुठळ्यांचं घट्ट पांढरं जाणंही तेच; उपचार मात्र एक नाही. एखाद्या वेळच्या संसर्गाला बहुतेकदा फ्लुकोनाझोलची १५० मिलीग्रॅमची एक गोळी किंवा योनीत ठेवायच्या क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या पुरतात. वारंवार होणाऱ्या संसर्गाला सहा महिन्यांचा उपचार लागतो आणि त्याआधी नीट तपासणी लागते. ही गोष्ट आपल्याकडे बायकांपर्यंत पोचलेलीच नाही. त्या मेडिकलमध्ये जातात, गर्दी कमी होण्याची वाट पाहतात, जुन्या गोळीचं रिकामं पाकीट पुढे करतात आणि "हीच द्या" म्हणतात. चार दिवसांत बरं वाटतं. पुढच्या पाळीच्या आधी पुन्हा सुरू. असं वर्षानुवर्षं चालतं.

वारंवार म्हणजे किती वेळा? अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वर्षभरात तीन किंवा त्याहून जास्त वेळा त्रास झाला तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हटलं आहे. काही देशांत ही संख्या चार धरतात. तुमचा आकडा तीन असो की चार, वर्षभरात तिसऱ्यांदा तोच त्रास सुरू झाला की मेडिकलऐवजी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं, एवढं धरून चाला.

हा त्रास दुर्मीळ नाही. चारपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी यीस्टचा संसर्ग होतो. वारंवार होणाऱ्या प्रकाराचा त्रास जगभरात दर वर्षी सुमारे १३ कोटी ८० लाख स्त्रियांना होत असावा, असा अंदाज २०१८ मध्ये मांडला गेला. म्हणजे तुमच्या ऑफिसात, सोसायटीत, भिशीच्या ग्रुपमध्ये कुणीतरी हे सोसत असणारच. बोलत कुणी नाही, इतकंच. आणि न बोलण्यामागे बहुतेक वेळा लाजेपेक्षाही एक समज असतो : "माझ्याच स्वच्छतेत काहीतरी कमी आहे." तो समज चुकीचा आहे. का, ते आत काय घडतं हे पाहिलं की लक्षात येतं.

आत काय घडतं

निरोगी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू मोठ्या संख्येने राहतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे तिथला पीएच साधारण ३.८ ते ४.५ इतका आम्लधर्मी राहतो आणि अनेक उपद्रवी जंतूंना तिथे तग धरता येत नाही. यीस्टला मात्र हे आम्ल फारसं अडवत नाही. कॅन्डिडा हे यीस्ट दहा ते वीस टक्के निरोगी स्त्रियांच्या योनीमार्गात असतंच, आणि त्यांना काहीही त्रास नसतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये यीस्ट दिसलं पण खाज, आग काहीच नाही, तर औषधाची गरज नसते.

त्रास सुरू होतो तो हे शांत यीस्ट रूप बदलतं तेव्हा. गोल पेशींऐवजी त्याला लांब धागे फुटतात, ते त्वचेच्या वरच्या थरात घुसतात आणि कॅन्डिडालायसिन नावाचं विष सोडतात. या विषाचा शोध २०१६ मध्ये लागला. त्यानंतर आपल्याच शरीराच्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात. गंमत अशी की त्या यीस्टला फारसं मारू शकत नाहीत, पण दाह मात्र भरपूर करतात. लालसरपणा, सूज, जीव नकोसा करणारी खाज, त्या जागी लघवीचा स्पर्श झाला की झोंबणं, यातला बराच भाग शरीराच्या या प्रतिक्रियेचा असतो. काही स्त्रियांचं शरीर थोड्याशा यीस्टलाही फार जोराने प्रतिसाद देतं. त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. अशा स्त्रीने दिवसातून चार वेळा साबणाने धुतलं तरी हे थांबणार नाही. उलट त्वचा आणखी सोलवटेल.

इस्ट्रोजेन हा संप्रेरक यीस्टला पोषक ठरतो. म्हणून हा आजार मुख्यतः पाळी सुरू झाल्यापासून पाळी जाईपर्यंतच्या वयाचा. पाळीच्या आधीच्या आठवड्यात तो उसळतो आणि पाळी सुरू झाली की अनेकींना हलकं वाटतं. गरोदरपणात तो वाढतो, तेही याच कारणाने.

आता मूळ प्रश्न : गोळी घेऊनही तो परत का येतो? फ्लुकोनाझोल आणि त्याच्या गटातली औषधं यीस्टची वाढ रोखतात, त्याला समूळ मारत नाहीत. लक्षणं जातात, पण थोडं यीस्ट मागे राहतं. बहुतेकींच्या शरीराला तेवढं सांभाळता येतं. ज्यांना येत नाही, त्यांच्यात तेच यीस्ट पुन्हा वाढतं, शेतातल्या हरळीसारखं. वरून कितीदा खुरपलं तरी मुळी शिल्लक. म्हणून वारंवार होणाऱ्या संसर्गात औषध जास्त ताकदीचं नव्हे, जास्त काळ द्यावं लागतं.

पण ते यीस्टच आहे का?

उपचारापेक्षा मला या प्रश्नावर जास्त थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त वर्षं इथेच वाया जातात.

अमेरिकेत २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतःला यीस्टचा संसर्ग झाला आहे असं समजून दुकानातून थेट औषध विकत घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी करण्यात आली. त्यातल्या जेमतेम एक तृतीयांश स्त्रियांना फक्त यीस्टचा संसर्ग होता. बाकीच्यांपैकी काहींना जिवाणूंचा असमतोल होता, काहींना दोन-तीन गोष्टी एकत्र होत्या, आणि काहींच्या योनीमार्गात रोग असा काहीच नव्हता. आधी हा आजार झालेल्या स्त्रियासुद्धा ओळखण्यात चुकल्या होत्या. "मला माहीत आहे, तेच आहे" या खात्रीवर म्हणूनच भरवसा ठेवू नये.

काही खुणा मदत करतात. यीस्टमध्ये खाज ठळक असते, स्राव घट्ट असतो आणि त्याला फारसा वास नसतो. पातळ, राखाडीसर स्राव आणि माशांसारखा वास, विशेषतः संबंधांनंतर, असेल तर बहुधा तो जिवाणूंचा असमतोल असतो, म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस. त्याला मेट्रोनिडाझोलसारखं औषध लागतं. बुरशीच्या गोळीने काही होत नाही. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या परजीवीमुळे असू शकतो. तो लैंगिक संबंधांतून पसरतो आणि त्यात जोडीदारालाही औषध घ्यावं लागतं. यातली गोम अशी की खुणा पुस्तकातल्यासारख्या क्वचितच दिसतात.

पाळी गेलेल्या बायकांबद्दल वेगळं सांगायला हवं. पन्नाशीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्यावर योनीमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी होते, आग होते, खाज येते. मधुमेह नसेल आणि संप्रेरकांची औषधं चालू नसतील, तर या वयात यीस्टचा संसर्ग कमीच होतो. तरीही कित्येक आज्यांना बुरशीची मलमं लावायला दिली जातात. त्यांना बहुधा योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम किंवा साधं मॉइश्चरायझर लागतं. बाहेरच्या भागावर पांढरट, चकचकीत, पातळ झालेले चट्टे आणि रात्री वाढणारी खाज असेल, तर तो लायकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा आजार असू शकतो. त्याकडे दुर्लक्ष करणं धोक्याचं, कारण उपचार न केल्यास थोड्या रुग्णांमध्ये पुढे कर्करोगाची शक्यता असते. साबण, सुगंधी पॅड, केस काढायचं क्रीम यांची ॲलर्जीसुद्धा हुबेहूब यीस्टसारखी खाजते.

म्हणून स्वॅब. कापसाच्या काडीने स्राव घेतात, काचेच्या पट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि पीएच तपासतात. यीस्टमध्ये पीएच सहसा ४.५ च्या आतच राहतो. जिवाणूंच्या असमतोलात आणि ट्रायकोमोनासमध्ये तो वाढतो. सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसलं नाही तरी यीस्ट नाही असं ठामपणे म्हणता येत नाही, कारण त्या तपासणीत बरेच रुग्ण निसटतात. वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रीचं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत स्रावातलं यीस्ट वाढवून पाहण्याची तपासणी, करायलाच हवं, आणि त्यात यीस्टची जात लिहून मागायला हवी. बहुतेक वेळा ती कॅन्डिडा अल्बिकन्स असते. ग्लाब्राटा निघाली तर फ्लुकोनाझोल नीट लागू पडत नाही आणि क्रुसेई निघाली तर मुळीच नाही. जात न पाहता गोळ्या देत राहणं म्हणजे नुसता अंदाज.

स्वॅब त्रास चालू असताना द्या, औषध सुरू करण्याआधी द्या. शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या उसळींच्या वेळी द्या. अविवाहित मुली आणि त्यांच्या आया "आतून तपासणी" या शब्दांनीच मागे फिरतात. त्यांनी हे जाणून घ्यावं की यीस्टचा स्वॅब स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून पाहायचं उपकरण) न घालता, फक्त काडीने घेता येतो. नीट समजावून सांगितलं तर मुलगी तो स्वतःसुद्धा घेऊ शकते. डॉक्टरांना तसं विचारायला संकोच करू नका.

सरकारी रुग्णालयांत जननमार्गाच्या आणि लैंगिक आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असतात. तिथे अंगावरून जाण्याच्या तक्रारीसाठी हिरव्या रंगाचं किट मोफत मिळतं. त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल अशी दोन औषधं असतात, म्हणजे यीस्ट, जिवाणूंचा असमतोल आणि ट्रायकोमोनास या तीन शक्यतांवर एकदम उपचार. जिथे प्रयोगशाळा हाताशी नाही तिथे ही पद्धत उपयोगी आहे आणि पहिल्या वेळी घ्यायला हरकत नाही. मात्र तेच किट वर्षात तिसऱ्यांदा हातात पडत असेल, तर "माझं कल्चर होईल का?" हा प्रश्न विचारा. तालुक्याला सोय नसेल तर जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयात ती असते.

ते "तीन-इन-वन" मलम

खाजेवर मेडिकलमधून मिळणाऱ्या मलमांत एक प्रकार फार खपतो : बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि जोरकस स्टेरॉइड, तिन्ही एकत्र. नायटा, गजकर्ण, जांघेतली खाज, सगळ्यावर तेच. लावल्यावर रात्रीतून खाज थांबते, कारण स्टेरॉइड दाह दाबतं. बुरशी मात्र आत फोफावत राहते आणि तिथली नाजूक त्वचा पातळ होत जाते. मलम थांबवलं की खाज दुपटीने येते, म्हणून पुन्हा मलम. अशा वापराविरुद्ध देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी बरीच मोहीम चालवली, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. दुकानात काय चालतं ते आपण पाहतोच. तुमच्या ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे नाव असेल आणि ती डॉक्टरांनी तपासून दिलेली नसेल, तर ती योनीजवळ लावू नका. बरेच दिवस लावत असाल तर डॉक्टरांना ट्यूबच नेऊन दाखवा. ते बंद कसं करायचं ते सांगतील. वर सांगितलेल्या लायकेन स्क्लेरोससमध्ये हेच स्टेरॉइड योग्य औषध असतं, पण ते निदान झाल्यावर आणि देखरेखीखाली.

सहा महिन्यांचा उपचार

अल्बिकन्स आहे हे ठरलं की उपचाराचे दोन टप्पे होतात. पहिल्यात यीस्ट पुरतं खाली आणायचं : फ्लुकोनाझोलची गोळी पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी, किंवा योनीत ठेवायचं औषध सात ते चौदा दिवस. दुसऱ्या टप्प्यात ते डोकं वर काढू नये म्हणून आठवड्याला एक गोळी, सलग सहा महिने.

हा दुसरा टप्पाच खरा उपचार आहे आणि तोच अर्ध्यावर सुटतो. पहिल्या पंधरवड्यात बरं वाटतं, मग "आता कशाला उगाच गोळ्या खायच्या" असं घरचेही म्हणतात. २००४ मध्ये अमेरिकेत ३८७ स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे आकडे त्यांना दाखवण्यासारखे आहेत. सहा महिने दर आठवड्याला फ्लुकोनाझोल घेणाऱ्यांपैकी जवळपास ९१ टक्के स्त्रियांना त्या काळात त्रास झाला नाही. नुसती दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३६ टक्के होतं. औषध बंद केल्यावर आणखी सहा महिन्यांनी हे आकडे ४३ आणि २२ टक्क्यांवर आले. म्हणजे उपचार चालू असेपर्यंत फार चांगला आराम, आणि थांबवल्यावर निम्म्याहून जास्त जणींना पुन्हा त्रास. हे आधीच माहीत असावं. नाहीतर सातव्या-आठव्या महिन्यात खाज सुरू झाली की "एवढं करूनही उपयोग नाही" असं वाटून बाई पुन्हा मेडिकलच्या पायरीवर जाते. त्रास परतला तर पुन्हा स्वॅब, आणि यीस्टच निघालं तर तोच उपचार पुन्हा, कधी आणखी जास्त काळ. उच्च रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षं घेतात त्यात कुणाला हार वाटत नाही. इथेही वाटू नये.

गोळी विसरू नये म्हणून वार ठरवून टाका. सोमवार, गुरुवार असा उपवास असेल तर त्या दिवसाला जोडा. ही गोळी रिकाम्या पोटीही घेता येते.

गोळी घेण्याआधी डॉक्टरांना काही गोष्टी सांगायच्याच आहेत. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर फ्लुकोनाझोलबरोबर साखर एकदम उतरू शकते. रक्त पातळ करणारं वॉरफरिन, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, हृदयाच्या ठोक्यांची काही औषधं यांच्याशीही तिचं जमत नाही. यकृताचा आजार असेल तर तेही सांगा. आणि गरोदर असाल, किंवा दिवस गेले असण्याची शक्यता असेल, तर ही गोळी पोटात घ्यायची नाही. गरोदरपणात फक्त योनीत ठेवायचं औषध, तेही सात दिवस पुरतं. सहा महिन्यांचा कोर्स चालू असताना गर्भनिरोधनाचं काय, हे पहिल्याच भेटीत बोलून घ्या. ज्यांना गोळी चालत नाही त्यांना योनीतलं औषध ठरावीक दिवशी ठेवण्याचा पर्याय असतो.

ग्लाब्राटासारखी जात असेल तर डॉक्टर बोरिक ॲसिडच्या ६०० मिलीग्रॅमच्या कॅप्सूल देतात. त्या रोज एक अशा तीन आठवडे योनीत ठेवायच्या असतात. इथे दोन गोष्टी अगदी स्पष्ट सांगते. ही कॅप्सूल तोंडाने घेतली तर विषारी ठरते, म्हणून ती लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, आणि गरोदरपणात ती अजिबात वापरू नका. दुसरं, घरात कॅरमसाठी आणलेली बोरिक पावडर हे औषध नव्हे.

अमेरिकेत २०२२ मध्ये खास वारंवार होणाऱ्या संसर्गासाठी ओटेसेकोनाझोल नावाच्या औषधाला मान्यता मिळाली. ते शरीरात फार काळ राहतं आणि गर्भाला अपाय होण्याची शक्यता असल्याने ज्यांना दिवस जाण्याची शक्यता नाही अशा स्त्रियांनाच देतात. या आजारावर मान्यता मिळालेली लस अजून नाही.

साखर, अँटिबायोटिक आणि बाकीची कारणं

वारंवार त्रास असेल तर रक्तातली साखर तपासा, एचबीए१सीसकट. मधुमेह असल्याचं कित्येकींना याच खाजेतून कळतं. साखर आटोक्यात नसेल तर बुरशीचं कुठलंही औषध अर्धवटच काम करतं.

मधुमेहाच्या औषधांमधला एक गट मात्र उलटं करतो, आणि तो आता घरोघरी पोचला आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी नावं पाकिटावर दिसतात. ही औषधं जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात; हृदयासाठी आणि किडनीसाठीही ती फार उपयोगी आहेत. डापाग्लिफ्लोझिनचं एक पेटंट भारतात २०२० मध्ये संपल्यावर ते स्वस्त झालं आणि वापर खूप वाढला. पण लघवीत साखर उतरल्यावर बाहेरच्या त्वचेवर यीस्टचं फावतं, आणि या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये असा संसर्ग कित्येक पटींनी जास्त दिसतो. मधुमेहाचे डॉक्टर हे नेहमी सांगतात असं नाही आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मधुमेहाच्या गोळ्यांची नावं नेहमी विचारतात असंही नाही. म्हणून सगळी पाकिटं पिशवीत घालून दोघांकडे न्या. गोळी स्वतःहून बंद करू नका. लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडं करण्याची सवय इथे खरोखर उपयोगी पडते. त्यावरही भागलं नाही तर औषध बदलायचं का, ते डॉक्टर ठरवतील.

अँटिबायोटिकने लॅक्टोबॅसिलस मरतात आणि यीस्टला मोकळं रान मिळतं. दर वेळी अँटिबायोटिकनंतर त्रास होत असेल तर औषध लिहून घेतानाच सांगा. बुरशीची गोळी सोबत देता येते. आणि साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. जास्त इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या, दमा किंवा सांधेदुखीसाठी पोटातून घेतलेली स्टेरॉइड, काही जणींमध्ये गर्भाशयातली तांबी, प्रतिकारशक्ती कमी करणारे आजार ही बाकीची कारणं. डॉक्टरांनी एचआयव्हीची तपासणी सुचवली तर दचकू नका; ती नेहमीच्या तपासण्यांपैकी एक आहे. आणि यातलं काहीच सापडलं नाही तर? बहुतेकींच्या बाबतीत तसंच होतं. कारण सापडलं नाही तरी उपचार लागू पडतो.

रोजच्या सवयी : काय खरं, काय उगाच

योनीमार्ग आतून धुवायचा नसतो. पाण्याची पिचकारी नको, जंतुनाशक नको, जाहिरातीतला इंटिमेट वॉशही नको. बाहेरचा भाग साध्या कोमट पाण्याने दिवसातून एक-दोनदा धुतला की पुरे. सुगंधी पॅड, सुगंधी टिश्यू, पावडर बंद करा. त्वचा फार कोरडी, चिरा पडलेली असेल तर बाहेरून साधं व्हॅसलीन लावा.

सुती, सैल निकर वापरा, हा सल्ला सगळे देतात. त्याने वारंवार होणारा संसर्ग थांबतो असा भक्कम पुरावा नाही, पण घाम आणि ओल कमी झाली की त्वचेला आराम पडतो, म्हणून तो पाळावा. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने कपडे वाळत नाहीत. त्यात निकर टॉवेलखाली, ओढणीखाली लपवून वाळत घालायची पद्धत, म्हणजे ती दमटच अंगावर चढते. मोकळ्यावर वाळत घाला. जमत नसेल तर इस्त्री फिरवा, पण ओली घालू नका. लोकलमध्ये भिजून ऑफिसला पोचणाऱ्यांनी पर्समध्ये एक कोरडी जोडी ठेवावी.

दही खाण्याने तब्येतीला बरंच आहे. मात्र दह्यातले जिवाणू योनीमार्गात राहणाऱ्या जिवाणूंहून वेगळे असतात आणि दही किंवा प्रोबायोटिक कॅप्सूल घेऊन यीस्ट परतायचं थांबतं हे सिद्ध झालेलं नाही. योनीत दही, लसूण, हळद, कडुनिंब, मध यातलं काहीही घालू नका. लसणाने भाजल्यासारख्या जखमा होतात. गोड सोडणं मधुमेह असेल तर आवश्यकच. साखर नॉर्मल असेल तर पुरणपोळीवर राग काढायचं कारण नाही. "अंगात उष्णता वाढली", "पांढरं जाऊन हाडं झिजतात" हेही ऐकावं लागतं. पांढरं जाण्याने हाडं झिजत नाहीत. पाळीच्या चक्रात मधल्या दिवसांत पातळ, पारदर्शक स्राव जाणं तर अगदी नैसर्गिक आहे; खाज, आग, दुर्गंध नसेल तर त्याला औषध नको.

नवऱ्याला काय सांगायचं

यीस्टचा संसर्ग लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांमध्ये धरत नाहीत. तो झाला म्हणजे कुणी बाहेरून काही आणलं असा अर्थ होत नाही, ना तुमच्याबद्दल, ना त्यांच्याबद्दल. नवऱ्याला लक्षणं नसतील तर त्याला औषध द्यायची गरज नसते, आणि दिल्याने तुमचा त्रास परतायचा थांबत नाही. त्याच्या लिंगाच्या टोकाला लालसरपणा, खाज असेल तर मात्र त्याने दाखवून घ्यावं. मलमाने ते जातं, आणि त्याचीही साखर तपासावी.

त्रास चालू असताना संबंध दुखतात. सोसायचे नाहीत, बरं होईपर्यंत नको असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. योनीत ठेवायच्या क्रीममुळे कंडोमचं रबर कमजोर होऊ शकतं, हेही लक्षात असू द्या. वर्षानुवर्षं दुखत राहिल्याने काही जणींचे योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात आणि संसर्ग बरा झाल्यावरही दुखणं उरतं. त्यावर वेगळी फिजिओथेरपी असते. डॉक्टरांना हे वेगळं सांगा, कारण ते विचारतीलच असं नाही.

भेटीला जाताना एका कागदावर गेल्या वर्षभरातल्या उसळींचे महिने, पाळीची तारीख, त्या आधी घेतलेली अँटिबायोटिक आणि लावलेली मलमं लिहून न्या. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यात हा कागद फार काम करतो. ताप, ओटीपोटात दुखणं, फोड किंवा जखमा, पाळीव्यतिरिक्त रक्त जाणं, पाळी गेल्यानंतर रक्त दिसणं यातलं काहीही असेल, तर ते यीस्ट समजून वाट पाहू नका, त्याच आठवड्यात दाखवा. गरोदरपणात अंगावरून पाण्यासारखं जात असेल तर त्याच दिवशी.